तुमच्या संकेतस्थळावर माणसं किती आणि बॉट किती? स्वतः मोजायची रीत

इंटरनेटवरची निम्म्याहून जास्त वर्दळ यंत्रांची, म्हणजे बॉट नावाच्या आपोआप पानं मागणाऱ्या प्रोग्रॅमांची, आहे, असं २०२५ साली बऱ्याच ठिकाणी छापून आलं. आकडा होता ५१ टक्क्यांचा. तो थेल्स समूहातल्या इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीने २०२४ सालच्या नोंदींवरून काढला होता. त्यातले ३७ टक्के उपद्रवी बॉट आणि १४ टक्के कामाचे. आदल्या वर्षीचा त्यांचाच आकडा ४९.६ टक्के होता, त्यामुळे ‘यंत्रांनी माणसाला मागे टाकलं’ अशा मथळ्यांना ऊत आला. तिच्याच इन्कॅप्सुला या उपकंपनीने २०१३ साली ६१.५ टक्के बॉट मोजले होते, याची आठवण मात्र फारशी कुणी काढली नाही.

आता दुसरीकडे बघा. अकामाय या कंपनीने २०२४ साली ४२ टक्के सांगितले. संकेतस्थळांपुढे राहून त्यांची वर्दळ हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीचा आकडा साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असतो. यात खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येक कंपनी फक्त आपल्या गिऱ्हाइकांची वर्दळ पाहते, ‘बॉट’ कशाला म्हणायचं ते आपापलं ठरवते आणि मोजण्याचं एककही आपलं आपण निवडते.

म्हणून माझं म्हणणं असं की जगाचा आकडा बातमीपुरता ठीक आहे. तुमच्या संस्थेच्या, वाचनालयाच्या, दिवाळी अंकाच्या किंवा मसाल्याच्या दुकानाच्या संकेतस्थळाबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही. उलट छोट्या संकेतस्थळाने वाईटाचीच तयारी ठेवावी. बॉट नाव-गाव न बघता सगळ्यांच्या दारात जातात. माणसं मात्र ओळखीच्या दारातच जातात. वाचक जितके कमी, तितका बॉटांचा टक्का जास्त.

सर्व्हरच्या नोंदवहीतून, म्हणजे अ‍ॅक्सेस लॉगमधून, हा टक्का स्वतः कसा काढायचा ते खाली दिलं आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता आलं म्हणजे झालं.

आधी ठरवा: मोजायचं काय?

ही पायरी सगळे गाळतात आणि मग भलताच आकडा हाती लागतो. मोजण्याजोग्या गोष्टी तीन आहेत: विनंत्या, पानं आणि डेटा. वाचकाने एक लेख उघडला की ब्राउझर त्या पानासोबत चित्रं, फॉन्ट, शैलीच्या आणि स्क्रिप्टच्या फाइली मागतो. एका पानामागे पंधरा-वीस विनंत्या सहज होतात. बहुतेक बॉट फक्त पानाचा मजकूर उचलतात आणि पुढे जातात.

समजा, आठवड्यात १,००,००० विनंत्या आल्या. त्यातल्या ६८,००० बॉटांच्या आणि ३२,००० माणसांच्या, म्हणजे बॉट ६८ टक्के. पण माणसांच्या ३२,००० मध्ये खरी पानं फक्त २,०००, बाकी चित्रं वगैरे. बॉटांच्या ६८,००० मध्ये पानं ४८,०००. पानांच्या हिशेबाने बॉट झाले ९६ टक्के! आणि डेटा मोजला, तर जड चित्रं माणसांनीच उतरवलेली असल्यामुळे बॉटांचा वाटा ४० टक्क्यांवरही येऊ शकतो. आठवडा तोच, संकेतस्थळ तेच, आकडे तीन.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये चौथंही एक माप दाखवलं: खर्च. त्यांच्याकडे पानं पाहण्यात बॉटांचा वाटा सुमारे ३५ टक्के, पण सर्वांत महागड्या वर्दळीत ६५ टक्के. माणसं गाजत असलेल्या विषयांची पानं वाचतात आणि ती पानं जवळच्या केंद्रात तयार ठेवलेली असतात. बॉट कोपऱ्यातली, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली पानं ओळीने मागतात आणि त्यातलं प्रत्येक पान मुख्य केंद्रातून आणावं लागतं. तुमच्या वर्डप्रेसचंही तेच होतं. मुखपृष्ठ कॅशमधून, म्हणजे तयार ठेवलेल्या प्रतीतून, फुकटात जातं, २०१२ सालच्या लेखासाठी डेटाबेसला उठावं लागतं.

वेळेनेही फरक पडतो. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सांगितलं होतं की तत्काळ आरक्षण उघडल्यानंतर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत बॉटांचे असतात. दिवसभराची सरासरी काढली असती, तर या पाच मिनिटांचं दुखणं दिसलंच नसतं. म्हणून एकूण आकड्याबरोबर तासावार आकडाही काढायचा.

नोंदवही मिळवा

होस्टिंगवर सीपॅनेल हे नियंत्रण पटल असेल तर मेट्रिक्स विभागात ‘रॉ अ‍ॅक्सेस’ नावाचं चिन्ह असतं. तिथून डोमेनवर टिचकी मारली की दाबून ठेवलेली जीझिप फाइल उतरते, ती सेव्हन-झिपने उघडते. त्याच पानावर जुन्या नोंदी साठवून ठेवण्याचा पर्याय आहे, तो आजच चालू करा. नाहीतर बऱ्याच ठिकाणी नोंदी दिवसाअखेर पुसल्या जातात आणि हाती फक्त काही तासांचा तुकडा लागतो. स्वतःचा सर्व्हर असेल, तर अपाची किंवा एनजिनएक्स या सर्व्हर प्रोग्रॅमच्या लॉग फोल्डरमध्ये हीच फाइल असते.

सलग सात दिवसांची नोंद घ्या. संकष्टीला देवस्थानाच्या, निकालाच्या दिवशी शाळेच्या संकेतस्थळावर जी गर्दी होते ती रोजची नव्हे, अशा गर्दीचा आठवडा टाळा.

दोन अडचणी आधीच सांगतो. ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेवर कच्ची नोंदवही मिळत नाही. तिथे स्वतःचं डोमेन जोडलेलं असलं, तरच पुढे क्लाउडफ्लेअर लावून त्याच्या पटलावरचे आकडे बघायचा मार्ग उरतो. आणि संकेतस्थळ आधीपासून क्लाउडफ्लेअरमागे असेल, तर नोंदवहीत वाचकांऐवजी क्लाउडफ्लेअरचेच आयपी पत्ते दिसू शकतात, शिवाय कॅशमधून परस्पर गेलेल्या विनंत्या तिथे नोंदल्याच जात नाहीत. पहिली गोष्ट होस्टिंगवाल्याला सांगून दुरुस्त करून घेता येते. दुसरी लक्षात ठेवून आकडा वाचायचा.

एक ओळ नीट वाचा

नोंदवहीची ओळ दिसायला किचकट असते, पण तिचा क्रम सहसा बदलत नाही. मूळ ओळ रोमन लिपीत असते. ती देवनागरीत मांडली तर अशी दिसेल:

२०३.०.११३.४५ - - [१४/ऑक्टो/२०२५:०३:१२:०७ +०५३०] "गेट /पंचांग/२०९१/मार्च/ एचटीटीपी/१.१" २०० १८४३२ "-" "मोझिला/५.० … क्रोम …"

सुरुवातीला पत्ता, मग वेळ, मग काय मागितलं ते. २०० म्हणजे दिलं, ४०४ म्हणजे असं पान नाही, ४०३ म्हणजे हाकललं. पुढे किती बाइट गेले, त्यानंतर कुठल्या पानावरून आला आणि शेवटी पाहुण्याने सांगितलेलं स्वतःचं नाव, ज्याला यूजर एजंट म्हणतात.

आता हीच ओळ पुन्हा वाचा. पहाटेचे ३ वाजून १२ मिनिटं. कुठून आला, तर कुठूनच नाही. आणि हवं काय, तर मार्च २०९१चं पंचांग! नाव क्रोमचं सांगतोय, पण पहाटे तीनला पासष्ट वर्षांनंतरचा मुहूर्त बघणारा भाविक अजून जन्माला यायचाय. कॅलेंडरच्या प्लगइनमध्ये ‘पुढचा महिना’ असा दुवा असतो. बॉट तो दाबत जातो, प्रत्येक वेळी नवं पान तयार होतं, त्या पानावर पुन्हा ‘पुढचा महिना’. याला अंत नाही. वस्तू रंग, आकार, किंमत अशा चाळण्या लावून दाखवणाऱ्या दुकानांत आणि शोधाच्या पानांतही हाच सापळा असतो. एका आठवड्याच्या बॉट-वर्दळीचा मोठा भाग एकाच प्लगइनने ओढवून घेतलेला निघाला तर चकित होऊ नका.

एक्सेलमध्ये फोडा

फाइल एक्सेलमध्ये आणताना दुहेरी अवतरणचिन्हावर तोडा आणि ‘टेक्स्ट क्वालिफायर’ रिकामा ठेवा. तो रिकामा ठेवला नाही, तर एक्सेल अवतरणचिन्ह स्वतःच गिळतं. बरोबर तुटलं की दुसऱ्या रकान्यात मागणी, तिसऱ्यात उत्तराचा क्रमांक आणि बाइट, चौथ्यात कुठून आला ते आणि सहाव्यात यूजर एजंट येतो. पाचवा रिकामा असतो. पहिला आणि तिसरा रकाना परत मोकळ्या जागेवर तोडा, फक्त तोडण्याआधी दोन्हींच्या शेजारी रकाने घालून जागा करा. एक्सेलच्या एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी मावतात. त्यापेक्षा मोठी नोंद असेल, तर दिवसागणिक पत्रकं करा.

मग मागणीवरून एक जादा रकाना करा: पान, फाइल की चाचपणी. चित्रं, शैली, स्क्रिप्ट आणि फॉन्ट या फाइली. बाकीची बरीचशी पानं. चाचपणीचं खाली येतंच. आता यूजर एजंटवर पिव्होट टेबल लावा आणि विनंत्या, पानं, बाइट तिन्ही बेरजा मागा. उतरत्या क्रमाने लावल्यावर वरच्या साठ-सत्तर नावांतच बहुतेक सगळा हिशेब येतो. त्याखालच्या हजारो किरकोळ नावांमागे डोकं शिणवू नका.

ढीग पाडा

पहिला ढीग सोपा: नाव सांगून येणारे. शोधयंत्रांचे गूगलबॉट आणि बिंगबॉट. विपणनवाल्यांच्या साधनांचे अहरेफ्सबॉट आणि सेमरशबॉट. एआयवाल्यांचे ओपनएआयचा जीपीटीबॉट, अँथ्रोपिकचा क्लॉडबॉट, बाइटडान्सचा बाइटस्पायडर, मेटाचा मेटा-एक्स्टर्नल-एजंट आणि कॉमन क्रॉल संस्थेचा सीसीबॉट. हा एआयचा ढीग वेगळाच ठेवा. जीपीटीबॉट ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाला आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त बदल याच ढिगात झाला आहे. रीड द डॉक्स या कागदपत्रांच्या सेवेवर मे २०२४ मध्ये एकट्या एका बॉटाने ७३ टेराबाइट उतरवले होते. त्यांना डेटाचा भुर्दंड ५,००० डॉलरहून जास्त बसला.

दुसरा ढीग स्क्रिप्टांचा: पायथन-रिक्वेस्ट्स, कर्ल, गो-एचटीटीपी-क्लायंट किंवा नुसतं रिकामं नाव.

तिसरा चाचपणी करणारे. तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो, हे वर्डप्रेसचं लॉगिन पान, बाहेरून वर्डप्रेस हाताळायची एक्सएमएल-आरपीसी फाइल, डॉट-ईएनव्ही, डॉट-गिट असलं काहीबाही मागत राहतात. यांच्या नावापुढे ४०४ची रांग दिसते. कुलूप लागलंय का, हे प्रत्येक दार ढकलून पाहणं एवढाच यांचा धंदा. यांची मोजणी नावावरून करू नका, मागणीवरून करा, कारण नावं ते बदलत राहतात.

चौथा ढीग सोंग घेणाऱ्यांचा आणि खरी मेहनत इथेच आहे. नाव क्रोमचं, पण वागणूक यंत्राची. मी या खुणा बघतो: पानामागून पान मागितलं, पण एकही चित्र किंवा शैलीची फाइल नाही. पत्ता मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीचा नसून क्लाउड कंपनीचा. क्रोमची आवृत्ती काही वर्षं जुनी. चोवीस तासांत विनंत्या सपाट, जेवणाची वेळ नाही की झोपेची नाही. यातली एक खूण पुरेशी नाही. परत आलेल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चित्रं आधीच साठवलेली असतात, तो ती पुन्हा मागत नाही. ऑफिसातला वाचक कंपनीच्या व्हीपीएनमुळे क्लाउडमधून आल्यासारखा दिसतो. निदान दोन-तीन खुणा एकत्र जुळल्या तरच बॉट म्हणा. जुळल्या नाहीत तर ‘संशयित’ असा वेगळा रकाना ठेवा आणि शेवटचा टक्का सांगताना तो पट्ट्यात सांगा, ‘६० ते ६८’ असा. दशांश चिन्हापर्यंत नेमका टक्का सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

काही पाहुणे मधल्या जातीचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी तुमचा दुवा टाकताना त्याची छोटी चौकट तयार होते, ती विनंती पाठवणाऱ्याच्या फोनमधूनच येते. यंत्राने मागितलं खरं, पण माणसाच्या हातून. चॅटजीपीटी-यूजर या नावाने येणारी विनंतीही कुणीतरी प्रश्न विचारल्यावर निघालेली असते. मी यांना बॉटांत धरत नाही आणि माणसांतही नाही. आणि नोंदवहीत तुमच्या संकेतस्थळाचं स्वतःचंच नाव ‘वर्डप्रेस’ म्हणून दिसलं तर दचकू नका. ठरलेली कामं उरकायला ते स्वतःलाच हाक मारत असतं.

गूगलबॉट खरा की तोतया?

गूगलबॉटचं नाव लावून बरेच जण घुसतात, कारण त्याला कुणी अडवत नाही. खात्री करायची रीत अशी: पत्त्यावरून नाव शोधा, विंडोजवर एनएसलुकअप आणि लिनक्सवर होस्ट ही आज्ञा देऊन. खऱ्याचं नाव गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमने संपतं. पण तेवढ्यावर थांबू नका. आलेल्या नावावरून उलट पत्ता शोधा, तो मूळ पत्त्याशी जुळला पाहिजे. पत्त्याला कुठलंही नाव लावणं तोतयाच्या हातात असतं, उलटी जुळणी नसते. बिंगबॉटचं नाव सर्च डॉट एमएसएन डॉट कॉमने संपतं. प्रत्येक पत्ता तपासायची गरज नाही, सर्वांत जास्त विनंत्या करणारे दहा-बारा तपासा. तोतये चौथ्या ढिगात टाका.

गूगल अ‍ॅनालिटिक्सशी ताडून बघा

पानातल्या छोट्या स्क्रिप्टने वाचक मोजणाऱ्या गूगलच्या या सेवेचे आकडे बघून लोक हमखास गोंधळतात: ‘अ‍ॅनालिटिक्स तर दोन हजारच पानं दाखवतं!’ बरोबर आहे. ते पानातली स्क्रिप्ट चालली तरच मोजतं आणि बहुतेक बॉट स्क्रिप्ट चालवतच नाहीत. शिवाय ओळखीचे बॉट ते आपणहून गाळतं. उलट जाहिराती अडवणाऱ्या खऱ्या वाचकांनाही ते मुकतं. तुमच्या ‘माणसं’ ढिगातली पानं अ‍ॅनालिटिक्सपेक्षा थोडी जास्त आली, तर काम जमलं म्हणा. तिप्पट-चौपट आली, तर सोंगं अजून माणसांत बसलेली आहेत.

अ‍ॅनालिटिक्समध्येही काही घुसतात. शहरांच्या यादीत अ‍ॅशबर्न, बोर्डमन, काउन्सिल ब्लफ्स ही नावं दिसली आणि वाचनाचा वेळ शून्य असला, तर ती अमेरिकेतली डेटा सेंटरांची गावं आहेत हे ध्यानात असू द्या. म्हणून कुणी आख्खी अमेरिकाच बंद करतं. मराठी संकेतस्थळाने हे कधीही करू नये. न्यू जर्सीतला आणि बे एरियातला वाचक खरा आहे आणि पुष्कळदा तोच सगळ्यात मन लावून वाचतो.

अडवायचं कुणाला आणि कसं

सुरुवात सापळे बुजवण्यापासून करा. कॅलेंडर पुढच्या दोन वर्षांपुरतं मर्यादित करा, अंतर्गत शोधाची पानं बॉटांना बंद करा, पानं कॅशमध्ये ठेवणारं प्लगइन बसवा. एक्सएमएल-आरपीसी बंद करा, पण जेटपॅक हे प्लगइन वापरत असाल तर आधी तपासा, त्याला ती लागते. एवढ्याने ‘तुमच्या खात्याने मर्यादा ओलांडली, वरचा प्लॅन घ्या’ ही होस्टिंगवाल्यांची पत्रं बऱ्याचदा थांबतात.

त्यानंतर रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटांनी काय मागू नये ते सांगणारी फाइल. ही पद्धत १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून तिला रीतसर मानकाचं रूप मिळालं. लिहायच्या ओळी दोनच: ‘यूजर-एजंट’पुढे बॉटचं नाव आणि खाली ‘डिसअलाउ’पुढे तिरपी रेघ. ही विनंती आहे, कुलूप नव्हे. नाव सांगून येणारे मोठे बॉट बहुधा ऐकतात, तिसऱ्या-चौथ्या ढिगातले ढुंकूनही बघत नाहीत. दोन विनंत्यांमध्ये थांबायला सांगणारी ‘क्रॉल-डिले’ ही ओळ बिंग मानतं, गूगल मानत नाही. आपलं लेखन गूगलच्या एआयला शिकवायला नको असेल, तर ‘गूगल-एक्स्टेंडेड’ला मनाई करा. या नावाचा बॉट नोंदवहीत कधीच दिसणार नाही, ती नुसती खूण आहे आणि तिच्यामुळे शोधातलं स्थान जात नाही. प्रशिक्षणाला मनाई, पण शोधाला मुभा असंही करता येतं: ओपनएआयचा जीपीटीबॉट वेगळा आणि शोधासाठीचा ओएआय-सर्चबॉट वेगळा.

ऐकत नाहीत त्यांच्यासाठी वेगमर्यादा. एका पत्त्याने मिनिटाला अमुक पानांपेक्षा जास्त मागितली, तर ४२९ हे उत्तर द्यायचं, म्हणजे ‘जरा दमाने’. आकडा ठरवताना जपून. आपल्याकडे मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना बाहेर एकाच आयपीव्ही४ पत्त्यावरून पाठवतात. तो पत्ता कायमचा बंद केलात, तर एका बॉटापायी सुक्याबरोबर ओलंही जळेल. म्हणून मोबाइल कंपनीच्या पत्त्यांना मर्यादा सैल आणि बंदी तासाभराचीच ठेवा. क्लाउड कंपन्यांच्या पत्त्यांना कडक ठेवली तरी फारसं कुणी ओरडत नाही.

हे हाताने करायचं नसेल, तर क्लाउडफ्लेअरच्या फुकट योजनेतही एआय बॉट अडवण्याची कळ आहे. १ जुलै २०२५ पासून नव्याने जोडल्या जाणाऱ्या डोमेनना ते हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतात. सोय मोठी आहे. मात्र मग तुमच्या दारात कोण माणूस आणि कोण यंत्र, हे तिऱ्हाईत ठरवतो आणि तुम्हाला त्याची कारणं दिसत नाहीत. जुना फोन वापरणारा एखादा आजोबा वाचक ‘तुम्ही माणूस आहात का’ या चौकटीत अडकला, तर तो तक्रार करायला येत नाही, नुसता निघून जातो. म्हणून तिथली अडवलेल्यांची यादी अधूनमधून चाळा.

बदल केल्यावर लगेच मोजू नका. रोबॉट्स डॉट टीएक्सटीची जुनी प्रत बॉट साधारण २४ तासांपर्यंत वापरतात. दोन आठवडे जाऊ द्या, मग तेच सात वार घेऊन तेच पिव्होट टेबल पुन्हा लावा. ढिगांच्या व्याख्या मधे बदलू नका, नाहीतर तुलना फुकट जाते. त्याच वेळी गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनाच्या सेटिंग्जमध्ये क्रॉल स्टॅट्स उघडा. तिथे ४०३ किंवा ४२९चं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर तुमचा नियम खऱ्या गूगलबॉटलाच हाकलतोय. तो नियम त्याच दिवशी काढा, बाकीचे राहू द्या.